डोक्यावरून गेलेली लाट

मल्टिप्लेक्सच्या जिन्यावर माणसं खरं बोलतात. दिवे नुकते लागलेले असतात, पाय आखडलेले असतात आणि चारचौघांत शोभेल असं मत तयार करायला कुणाला वेळच मिळालेला नसतो. ‘इंटरस्टेलर’ पुन्हा मोठ्या पडद्यावर आला तेव्हा मुंबईतल्या अशा एका जिन्यावर एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येत होतं : ‘डोक्यावरून गेला यार, पण भारी होता.’ जाणकार या वाक्याला हसतात. कळलाच नाही तर भारी कसला, म्हणतात. मला मात्र या सिनेमाबद्दल याहून नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही.

ख्रिस्तोफर नोलनचा हा सिनेमा २०१४चा. जिन्यावरची निम्मी पोरं तेव्हा शाळेत होती आणि त्यांनी तो लॅपटॉपवर, फोनवर, कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून पाहिलेला होता. दहा वर्षं झाली म्हणून डिसेंबर २०२४मध्ये तो परदेशात आयमॅक्सवर पुन्हा लागला. आपल्याकडचे ते पडदे तेव्हा ‘पुष्पा २’ने अडवलेले. केवढा त्रागा झाला! कॉलेजातली मुलं पुष्पाच्या नावाने बोटं मोडत होती. शेवटी ७ फेब्रुवारी २०२५ला तो आला आणि भल्या सकाळच्या खेळांचीही तिकिटं मिळेनाशी झाली. गंमत म्हणजे ‘सनम तेरी कसम’ही त्याच दिवशी परत आला होता. शेजारशेजारच्या दोन पडद्यांवरून लोक डोळे पुसत बाहेर येत होते. एकीकडे सरस्वती आणि इंदरसाठी, दुसरीकडे कृष्णविवरासाठी.

सुरुवातीला थिएटर मजेत होतं. न्याहारीच्या वेळी नायक कूपरचा म्हातारा सासरा बातमी देतो की शेजारच्या शेतकऱ्याने करपा पडलेलं पीक पेटवून दिलंय, भेंडीचं हे शेवटचं पीक, यापुढे भेंडी नाही. थिएटरात खसखस पिकली. डब्यात भेंडी बघून तोंड वाकडं करणाऱ्या पिढीला ही काही जगबुडी वाटली नसावी. थोड्याच वेळात मक्याच्या शेतावरून एक ड्रोन घोंघावत जातो आणि कूपर ओळखतो की हा भारतीय हवाई दलाचा. लगेच शिट्ट्या! दिल्लीचं नियंत्रण केंद्रही अमेरिकेतल्यासारखंच दहा वर्षांपूर्वी बंद पडलं, हे पुढचं वाक्य त्या शिट्ट्यांत बुडून गेलं. देशाभिमान आपल्याला सोयीचं तेवढंच ऐकतो, हे काही फक्त सिनेमागृहात घडत नाही.

सिनेमात अधूनमधून काही वृद्ध माणसं धुळीबद्दल बोलतात. ताटं पालथी घालून टेबल कसं मांडायचो, ते सांगतात. एलन बर्स्टिन सोडली तर ती नटमंडळी नव्हेत. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी मुलखात धुळीच्या वादळांनी शेती बसली, ती सोसलेली ही माणसं आहेत. केन बर्न्सने २०१२मध्ये त्या काळावर माहितीपट केला, त्यातल्या या मुलाखती नोलनने घेतल्या. भविष्यकाळाची गोष्ट सांगायला त्याने भूतकाळातले साक्षीदार उभे केले. मक्याचं शेतही खरंच. कॅनडात अल्बर्टामध्ये पाचशे एकर मका त्याने सिनेमासाठी पेरून घेतला, आणि काम झाल्यावर तो विकून नफाही काढला. आपल्याकडच्या मका उत्पादकाने हे ऐकलं तर तो शेती सोडून सिनेमात पडेल.

मग ती लाट येते.

परका ग्रह. पाणी जेमतेम गुडघ्यापर्यंत. आभाळ राखाडी. दूरवर डोंगरांची रांग. घड्याळाच्या टिकटिकीसारखं काहीतरी संगीताच्या पोटात चाललेलं असतं. कूपर त्या डोंगरांकडे बघतो आणि त्याचा चेहरा बदलतो, कारण ते डोंगर नाहीत. माझ्या पुढच्या रांगेत एका मुलाचा हात पॉपकॉर्नच्या डब्यात होता, तो तिथेच राहिला. त्याच्या बाजूच्या मुलीने पाय वर खुर्चीवर घेतले, खाली खरंच पाणी असावं तसे. लाट चढत गेली, पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत, माना मागे गेल्या, आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘भेंडी!’ मघाच्या पिकाशी काही संबंध नसलेली, खास मुंबईची भेंडी. या वेळी कुणी हसलं नाही.

सिनेमा मुंबईत प्रथम आला तोच समुद्र घेऊन. ७ जुलै १८९६, काळ्या घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, एक रुपया तिकीट. ल्युमिए बंधूंच्या त्या पहिल्या खेळात स्टेशनात शिरणारी आगगाडी होती आणि समुद्रस्नानाची एक चिमुकली फीतही होती. पॅरिसमध्ये म्हणे आगगाडी अंगावर येते असं वाटून प्रेक्षक उठून पळाले. इतिहासकार या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत, पण आपण ती सांगायचं काही सोडत नाही. पडद्याने एकदा तरी आपल्याला पळवून लावावं अशी आपलीच हौस असणार. सव्वाशे वर्षांनंतर त्या मुलीने पाय वर घेतले ते मी पाहिलंय, तेव्हा पॅरिसकरांना अगदीच खोटं पाडायला माझी जीभ रेटत नाही.

लाटेच्या त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. हा हिशोब नोलनचा हट्ट होता. त्याचे सल्लागार किप थॉर्न हे सापेक्षतेतले मोठे शास्त्रज्ञ. त्यांना आधी हे अशक्य वाटलं. रात्री विचार केला, आकडेमोड केली, आणि ग्रहाजवळचं कृष्णविवर कमाल वेगाच्या अगदी जवळ पोचेल इतकं भन्नाट फिरत असेल तर जमतं, असं उत्तर निघालं. दुसऱ्या एका बाबतीत मात्र ते हटले नाहीत. प्रकाशापेक्षा वेगाने प्रवास करायची सूट नोलन मागत होता, ती त्यांनी दिली नाही. इतका मोठा दिग्दर्शक शेवटी गणितापुढे नमला, हे मला त्या लाटेइतकंच प्रेक्षणीय वाटतं.

कूपर त्या ग्रहावरून यानात परततो तेव्हा तेवीस वर्षं गेलेली असतात. तो खुर्चीत बसून साठलेले व्हिडिओ निरोप बघत राहतो. मुलगा मोठा होतो, त्याला मूल होतं, ते जातं, आणि पडद्यावर एका बापाचा फक्त चेहरा. त्या दृश्यात ना यान उडतं, ना काही फुटतं. एवढा पैसा ओतून बांधलेल्या भव्यतेच्या ऐन मधोमध एक माणूस टीव्हीसमोर बसून रडतो, आणि थिएटर सगळ्यात जास्त हलतं ते तिथे. बाजूच्या गृहस्थांनी खिशातून फोन काढला, नुसताच पाहिला, परत ठेवला. साठीचे असतील. त्यांचं कुणी न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला असेल की नाही, मला ठाऊक नाही. पण दादर-डोंबिवलीच्या किती घरांत नातवंडं पडद्यावरच वाढतायत, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही.

लवकरच मध्यंतर झालं. नोलनने ते ठेवलेलं नाही. एकशे एकोणसत्तर मिनिटांचा सिनेमा आपण आपल्या सोयीने समोशापाशी तोडतो. रांगेत माझ्या पुढे मायलेक होते.

‘अगं आई, तिथला एक तास म्हणजे इथली सात वर्षं.’

‘मग गेलेच कशाला मेले तिथे? सात वर्षं काय रस्त्यावर पडलीयेत?’

‘डेटा आणायला.’

‘मिळाला?’

‘नाही.’

‘बघ!’

सापेक्षतेवरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यातला वेळ कुणाच्या तरी आयुष्यातून वजा होतो, हे इतक्या पोटतिडकीने मांडणारं कुणी भेटलं नव्हतं. त्या बाईंना विचारलं असतं तर त्यांनीही सांगितलं असतं, मला काही कळलं नाही.

आणि ते गार्गांतुआ. दहा कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं काळंभोर विवर, भोवती प्रकाशाचं कडं, आणि त्याच कड्याचा मागचा भाग वळून वरूनही दिसतो, खालूनही. ही चित्रकाराची कल्पना नव्हे. थॉर्ननी समीकरणं दिली, लंडनच्या ‘डबल निगेटिव्ह’च्या लोकांनी त्यांवर संगणकाची नवी प्रणाली रचली. काही चौकटी काढायला शंभर-शंभर तास लागले आणि सगळी माहिती आठशे टेराबाइटच्या घरात गेली. त्यातून निघालेला शोधनिबंध २०१५मध्ये भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. दृश्यचमत्कारांचं ऑस्कर तर मिळालंच. फक्त एका ठिकाणी नोलनने हात आखडता घेतला. खरं तर कड्याची आपल्याकडे येणारी बाजू उजळ आणि दूर जाणारी मंद दिसायला हवी होती. असं लंगडं कडं बघून प्रेक्षक गोंधळेल म्हणून त्याने दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या. एप्रिल २०१९मध्ये खऱ्या कृष्णविवराचं पहिलं चित्र प्रसिद्ध झालं, त्यात एक बाजू ठळकपणे उजळ होती. जग तर गोंधळलं नाही. जो प्रेक्षक शेवटी पुस्तकांच्या कपाटामागची पाच मितींची खोली गिळतो, तो एका बाजूने फिकं कडं गिळणार नाही, असं नोलनला का वाटावं? इथे तो माणूस प्रेक्षकाला ओळखायला चुकला, असं माझं मत आहे.

तक्रारींची काही कमी नव्हती. प्रेम हे मिती ओलांडून जातं असं ॲन हॅथवे सांगू लागते तेव्हा दोन-तीन ठिकाणी जांभया आल्या, त्यातली एक माझी. ते कपाट पुष्कळांना मुळीच झेपलं नाही. संवाद ऐकू येत नाहीत ही तक्रार तर २०१४पासूनची. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या एका थिएटरने तेव्हा पाटीच लावली होती की आमची यंत्रणा ठीक आहे, आवाज दिग्दर्शकाला असाच हवा आहे. हान्स झिमरने लंडनच्या टेंपल चर्चमधला ऑर्गन वापरलाय. तो वाजायला लागला की शब्द त्याच्या खाली दबतात आणि खुर्चीचे हात थरथरतात. माझा खरा राग मात्र फोनवाल्यांवर. गरगरणाऱ्या यानाला कूपर आपलं यान जोडतो त्या दृश्याला चहूकडून फोन वर आले, हातभर रीलसाठी. जे बघायला पहाटे उठून आले, तेच बघायचं सोडून.

आठवडा सरला आणि १४ फेब्रुवारीला ‘छावा’ आला, कॅप्टन अमेरिकाही आला, आणि आयमॅक्सचे पडदे त्यांच्याकडे गेले. जिथे आदल्या आठवड्यात माणसं खुर्चीला खिळून गप्प होती, तिथे आता घोषणा उठत होत्या, लोक उभे राहत होते, ओक्साबोक्शी रडत होते. ‘छावा’ सगळ्यांना आधीपासून कळलेला होता; शेवट पाठ असूनच माणसं गेली होती. मला एकाला उणं आणि दुसऱ्याला अधिक ठरवायचं नाही. एवढंच खरं की ओरडायला ओळख लागते. गार्गांतुआला कुणी कशाची घोषणा देणार? मार्चमध्ये तो पुन्हा लागला तेव्हाही लोक तसेच गप्प बसले.

थॉर्नना २०१७मध्ये नोबेल मिळालं ते गुरुत्वलहरींच्या शोधासाठी. सिनेमा आला तेव्हा त्या लहरी सापडायच्या होत्या. सप्टेंबर २०१५मध्ये दोन कृष्णविवरांच्या मीलनाची पहिली थरथर अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी टिपली. तशीच वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३मध्ये मंजूर झालेला २६०० कोटींचा खर्च. नागनाथाच्या दर्शनाला येणारी एसटी उद्या तिथूनही जाईल.

जिन्याच्या तळाशी, पार्किंगच्या तोंडाशी, दोन मित्रांची जुंपली होती. एकजण ठामपणे सांगत होता की हे सगळं पिक्चरपुरतं, वेळ कुठे असा कमी-जास्त होतो का. दुसरा फोनवर रिक्षा शोधत होता. त्या फोनला वाट दाखवणाऱ्या जीपीएसच्या उपग्रहांवर गुरुत्व कमी म्हणून तिथली घड्याळं पुढे पळतात आणि वेगामुळे थोडी मागेही पडतात. दोन्ही धरून रोज साधारण अडतीस मायक्रोसेकंद पुढे. एवढासा फरक दुरुस्त केला नाही तर एका दिवसात नकाशा दहाएक किलोमीटरने चुकेल. ‘वेळबिळ काही वाकत नाही रे,’ पहिला अजून म्हणत होता. ‘ते जाऊ दे,’ दुसरा म्हणाला, ‘रिक्षा तीन मिनिटांत येतेय, गेटवर चल.’