नववर्षाचा संकल्प: आकडा डॉक्टरांचा, इच्छा तुमची




जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "डॉक्टर, यंदा वजन कमी करायचंच!" संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत बऱ्याच जणांचा हा उत्साहही संपतो. मग "संकल्प करायचाच कशाला?" असा प्रश्न पडतो. माझं उत्तर असं, की संकल्प जरूर करा, फक्त तो तुमचा स्वतःचा असू द्या.

म्हणजे काय? तुमच्या कागदावर मी 'एचबीए१सी ७ च्या खाली' असं लिहितो, ते माझं उद्दिष्ट असतं. साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारा हा आकडा महत्त्वाचा आहेच. पण त्या आकड्यासाठी थंडीत पहाटे पांघरूण बाजूला सारायला कुणाला हुरूप येईल?

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना मी विचारलं, "तब्येत सुधारली तर तुम्हाला काय करायला आवडेल?" त्या लगेच म्हणाल्या, "नातवाबरोबर पर्वती चढायचीय." पुण्यातल्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. आम्ही चिठ्ठीवर तेच लिहिलं. सुरुवात सोसायटीतल्या दोन फेऱ्यांनी झाली. काही महिन्यांनी आजी पर्वतीवर पोहोचल्या, वाटेत तीनदा बसून. त्यांच्या गोळ्या सुटल्या नाहीत, पण वाढल्याही नाहीत.

उद्दिष्ट फार मोठं असावं लागत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोनच उद्दिष्टं दिली होती: वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्यात १५० मिनिटं व्यायाम. ७० किलोच्या माणसासाठी हे वजन जेमतेम पाच किलो होतं. तरी सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आपल्या चेन्नईतल्या अशाच अभ्यासात (२००६) ते २८.५ टक्क्यांनी घटलं.

आता संकल्प कसा लिहायचा ते पाहू. 'रोज व्यायाम करीन' हे फार मोघम झालं. 'सकाळचा चहा झाला की सोसायटीत २० मिनिटं चालेन' असं लिहा. आधीच अंगवळणी पडलेल्या गोष्टीला नवी गोष्ट जोडली की ती आठवायला सोपी जाते. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय लागायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५० च्या वर. १ जानेवारीला सुरू केलंत तर ६६ वा दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्याआधी कंटाळा आला तर तो स्वाभाविक आहे. एखादा दिवस चुकल्यानं सवय मोडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. दूध आणि गॅस सिलेंडरच्या नोंदी करता, त्याच कालनिर्णयवर रोज एक खूण करा.

हे मी नुसतं सांगत नाही. माझ्या वडिलांना मधुमेह होता आणि गेल्या वर्षी माझीही उपाशीपोटी साखर ११० आली. ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर. माझा यंदाचा संकल्प असा: आठवड्यातून पाच दिवस, शेवटचा पेशंट गेला की दवाखान्यातून घरी चालत जायचं. अंतर दीड किलोमीटर. वडिलांना पंचाहत्तरीत इन्सुलिन घेताना पाहिलंय. ती वेळ शक्य तितकी लांबवायची आहे.

एक सूचना: हृदयविकार, गुडघ्याचा त्रास किंवा इन्सुलिन चालू असेल, तर व्यायाम वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा.

बाकी, तुम्हाला यंदा काय करायचंय ते एका ओळीत लिहून काढा आणि पुढच्या तपासणीला येताना तो कागद सोबत आणा. रिपोर्टआधी आपण तोच वाचू.