बॅटरीचा जमाखर्च

गेल्या जानेवारीत आम्ही उभयता, मुलगा, सून आणि नातू भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन जयगडला गेलो. शास्त्री नदी जेथे सागरास मिळते, तेथे किल्ल्याजवळच्या माळावर दुपारीच गाडी उभी केली. वीजजोडणी नव्हती, इन्व्हर्टर मात्र होता. त्यामुळे मी निश्चिंत होतो.

सौभाग्यवतींना झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असल्याने रात्री सीपॅप यंत्र लावावे लागते. माझा नियम उकाळलेल्या पाण्याचा. गाडीत गॅसची शेगडी असूनही केवळ सोयीखातर मी दुपारी व सूर्यास्तापूर्वी विजेच्या किटलीत पाणी उकाळले. चौविहार सांभाळल्याचे समाधान मानून आम्ही दहा वाजता निजलो.

दीडच्या सुमारास इन्व्हर्टरने शिटी दिली आणि यंत्र थांबले. पत्नी घाबरून उठून बसल्या. मुलगा इंजिन सुरू करू म्हणाला. पण ते चालू ठेवून आत झोपल्यास धुरातील विषारी वायू आत शिरण्याचा धोका. शेवटी पाठीशी उशा लावून त्यांना बसवले आणि पहाटेपर्यंत मी त्यांचा श्वास मोजत राहिलो. दूरवर १२०० मेगावॅटच्या औष्णिक प्रकल्पाचे दिवे लखलखत होते. आमच्याजवळ साठ वॅटही नव्हते!

सकाळी हिशेब मांडला. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. म्हणजे उरले ९००. इन्व्हर्टरची तूट वजा जाता सुमारे ७५०. १५०० वॅटच्या किटलीने वीस मिनिटांतच त्यातले ५०० घेतले. इन्व्हर्टर वीज निर्माण करीत नाही, शिल्लक फक्त दुसऱ्या रूपात देतो, हे आयुष्यभर इतरांची खाती तपासणाऱ्या मला ठाऊक असायला हवे होते.

आता किटली घरीच असते, पाणी शेगडीवर उकळते आणि सीपॅपसाठी स्वतंत्र बॅटरी राखून ठेवतो. निघण्यापूर्वी प्रत्येक उपकरणाचे वॅट व तास कागदावर लिहून बेरीज करतो.

परिग्रह-परिमाण व्रतात वस्तूंना मर्यादा घालावयाची असते. माझे पाणी नियमाप्रमाणे शुद्ध होते. परंतु ते उकाळताना दुसऱ्याच्या श्वासाची शिल्लक मी मोजली नव्हती. सोयीलाही परिमाण हवे, एवढे त्या रात्रीने शिकविले.

जय जिनेंद्र.