दिव्याच्या खाडीकाठी : बांध आणि तिवर

मध्य रेल्वेच्या दिवा जंक्शनवर उतरलात, तर प्रथम दिसतील चाळी, इमारती आणि माणसांची गर्दी. येथे भात पिकत होते, असे सांगूनही खरे वाटणार नाही. पण साबे, दातिवली, आगासन या आजूबाजूच्या आगरी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी भातशेतीच केली.

खारजमिनीची शेती म्हणजे समुद्राशी केलेली वाटणी. भरतीचे पाणी अडवायला मातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी ठेवायची. पावसाने जमिनीतले मीठ धुतले, की ओहोटीला उघाडीतून ते पाणी सोडून द्यायचे. भरतीला उघाडी बंद. मग रात्यासारखे खार सोसणारे भात घ्यायचे. उधाणात बांधाला खांड पडली, तर नुकसान एकट्याचे नसे, साऱ्या गावाचे असे. म्हणून ती बुजवायला घरटी माणूस निघे.

बांधाबाहेर तिवर, कांदळ, चिप्पी यांचे रान. त्यांची मुळे गाळ धरतात आणि लाटेचा जोर मोडतात. मुळांच्या आसऱ्याला निवट्या, चिंबोऱ्या, मासळीची पिले वाढतात. बांध माणसाने घातला खरा, पण राखला तिवरांनी.

पुढे शहर वाढले. जळणासाठी तोड झाली, भराव पडले, कचराही खाडीकाठी येऊन पडला. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड आणि त्यांवरील भराव-बांधकाम थांबविण्याचा हुकूम दिला. 2018 साली तो अधिक कडक केला. 2012 साली राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला.

या राखणीचे फळ पाहायचे, तर दिव्याहून ठाण्याला जावे आणि गाडी बदलून ऐरोली गाठावी. ठाणे खाडीचा 1,690 हेक्टरांचा पट्टा 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला. 2022 साली त्याला रामसर पाणथळीचा जागतिक दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ओहोटीच्या चिखलात गुलाबी थवे चरताना दिसतात. मुलांना अवश्य दाखवावेत.

परत येताना मात्र मनात एक गोष्ट सलते. झाडाला कायदा मिळाला, पक्ष्याला अभयारण्य मिळाले. बांध राखण्याच्या विद्येला कोण राखणार? जुन्या माणसांबरोबर तीही चालली आहे.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातील खारपट्ट्याच्या शेतकरी बंधु-भगिनींनो, दिव्याचा धडा आपल्यासाठी आहे. बांधाबाहेरच्या तिवराला कोयता लावू नका. आणि खांड पडली, तर ती त्याच हंगामात बुजवा. पाणी वर्षानुवर्षे शिरत राहिले, तर शेतातच तिवर रुजते. मग जमीन आपली, पण झाड तोडायला बंदी! शेतकऱ्याची ही अडचण खरी आहे आणि शासनाने ती ऐकलीही पाहिजे. परंतु त्याआधीचा उपाय आपल्याच हाती आहे. पावसाळ्यापूर्वी एक दिवस गावाने मिळून बांधावरून चालत जावे, उघाडी तपासावी, खेकड्यांची बिळे बुजवावीत. सोबत घरची पोरे न्यावीत. बांध कसा राखतात, हे बांधावरच शिकता येते.