पट्टीवरची आडत

नांदेडहून लातुरास जाणाऱ्या मोटारीत शेजारचा गृहस्थ लोहा येण्यापूर्वी आपले गाव विचारतो, आणि अहमदपूर येण्यापूर्वी धंदा. गाव सांगण्यास आम्हांस अडचण पडत नाही. जन्म नांदेडचा, संसार लातूरचा. धंद्याची मात्र पंचाईत होते. ‘आर्थिक सल्लागार’ म्हटले की त्या गृहस्थाच्या मुद्रेवर प्रथम आदर उमटतो, मग सावधपणा, आणि त्याचा हात नकळत खिशाकडे जातो. त्यास आम्ही दोष देत नाही.

आमचे वडील नांदेडास एका आडत्याच्या पेढीवर मुनीम होते. त्यांचे तारुण्य निजामी अमदानीत गेले, त्यामुळे दोन नाण्यांचा हिशेब त्यांच्या हाडीमांसी खिळला होता. हैदराबादचा हाली रुपया आणि इंग्रजी कलदार. सात हालींचे सहा कलदार, हा ठोकळ भाव. १९४८ साली निजामी राज्य संपले, तरी हाली नाणे १९५९ पर्यंत चालत होते. पुढे ते गेले, पण वडिलांची सवय गेली नाही. कोणी लग्नात हजाराचा आहेर केला, कोणाच्या मुलास दोनशे पगार लागला, की ते चष्म्यावरून पाहून विचारीत, “हाली की कलदार?” लहानपणी ह्या प्रश्नाचे आम्हांस हसू येई.

पेढीवरची दुसरी आठवण म्हणजे पट्टी. शेतकऱ्याची तूर विकली की हिशेबाचा कागद त्याच्या हाती पडे. वर वजन व भाव. मग हमाली, तोलाई, आडत असे एकेक वजा होऊन खाली उरलेला आकडा. आडत जास्त वाटली तर शेतकरी तेथेच भांडे. भांडण्याजोगे काही कागदावर लिहिलेले असे, हे विशेष.

१९८२ सालच्या ऑगस्टात लातूर जिल्ह्याचे ठिकाण झाले आणि पुढल्याच वर्षी आम्ही विम्याची एजन्सी घेऊन तेथे बिऱ्हाड केले. गंजगोलाईस मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एकही आमच्या सायकलीने सोडला नाही. लांब मुदतीच्या विम्यात पहिल्या वर्षाच्या हप्त्यातील २५ टक्क्यांपर्यंत रक्कम एजंटाची असे. ती कोणत्याही पट्टीवर नसे. गिऱ्हाईक विचारीत नसे आणि आम्ही सांगत नसू. उलट, चहा घेऊन उठताना फुकट सल्ला दिल्याचे समाधान आम्ही बरोबर घेऊन जात असू.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा तालुक्यातील आमच्या परिचयाचे एक गुरुजी त्यातून वाचले. त्यांची पत्नी दगडमातीच्या भिंतीखाली गेली. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले व फंडाचे ४०,००० रुपये घेऊन आमच्याकडे आले. त्या दिवसांत सागवानाची लागवड करणाऱ्या कंपन्यांचा सुळसुळाट झाला होता. आज हजार भरा, वीस वर्षांनी झाड तुमचे, अशी भाषा. आम्ही गुरुजींस फॉर्म भरावयास लावला. वडील तोवर निवर्तले होते. त्यांचा तो प्रश्न आम्हांस सुचलाच नाही, असे म्हणणे सोयीचे आहे, पण खरे नाही. सुचला होता. कमिशनाचे ४,८०० रुपये मिळावयाचे होते, आणि मुलीच्या शिकवणीची फी त्या महिन्यात थकली होती.

१९९९ साली ‘सेबी’ने अशा सामूहिक योजनांस नियम लावले. तोवर त्या कंपनीच्या दारास कुलूप लागले होते. झाडे कोठे होती, होती की नव्हती, हे आम्हांस आजतागायत कळलेले नाही.

दोन वर्षे आम्ही औशाच्या रस्त्याने गेलो नाही. शेवटी ४,८०० रुपये घेऊन गेलो. गुरुजींनी ते मोजून घेतले, ट्रंकेत ठेवले आणि चहा करविला. एवढेच म्हणाले, “ह्यातले एवढे तुमचे होते, हे मला ठाऊक नव्हते.” त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर परतीची वाट सोपी झाली असती.

२०१३ साली ‘सेबी’ने सल्लागारांसाठी नियम केले: फी अशिलाकडून घ्यावी, माल विकणाऱ्याकडून कमिशन घेऊ नये. उतारवयात परीक्षा देऊन आम्ही नाव नोंदविले व कमिशन सोडले. घरात ह्या निर्णयाचे स्वागत झाले, असे म्हणवत नाही. वैद्यास व वकिलास पैसे मोजणारे लोक आमच्या फीचा आकडा ऐकताच म्हणत, “अहो, तो दुसरा तर फुकट सांगतो!” पहिल्या दोन वर्षांत मिळकत तिसऱ्या हिश्श्यावर आली.

अशाच एका पावसाळ्यात गुरुजी नातवास घेऊन आले. त्यास नुकती नोकरी लागली होती. घरात शिल्लक किती ठेवावी, विमा कसला घ्यावा, कोणत्या फंडाचा खर्च वर्षास किती पडेल, हे सारे आम्ही कागदावर लिहून दिले. गुरुजींनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

“ही तुमची आडत?”

“होय. दीड हजार.”

“जास्त आहे.”

ते हजारावर अडून बसले, आम्ही तेराशेंवर. नातू संकोचाने खिडकीबाहेर पाहू लागला. अखेर बाराशेंवर ठरले. आम्ही पावती फाडली. ती नातवाच्या हाती न देता गुरुजींनी घडी करून आपल्याच खिशात घातली.