हाडांत उतरलेले दुखणे

"कॅन्सर हाडांत उतरला" एवढे शब्द कानावर पडले, की आपल्याकडे घरची माणसे हात टेकतात. रोगी जेवतखात असतो, बोलत असतो. पण ओसरीवर सगळे दबक्या आवाजात बोलू लागतात. आमच्या वडनेर भोलजीत, आमच्याच घरात हे घडले, म्हणून चार शब्द लिहितो.

माझ्या मोठ्या मायच्या स्तनाच्या गाठीचे ऑपरेशन झाले होते. दोन वर्षे बरी गेली. २०१९ च्या कापूस वेचणीत तिची कंबर धरली. कोणी म्हणाले उसण भरली, कोणी चोळणारा सुचवला. तपासणीत निघाले, की रोग मणक्यात उतरला असून एक मणका खचला आहे. एका डॉक्टरांनी सांगितले, "घरी न्या, सेवा करा." मोठे बाबाही म्हणाले, आता तिची ओढाताण कशाला? तेव्हा मोठी मायच बोलली, "मरन यायचं तवा येईन, पन मले कूस तं बदलता येऊ द्या!"

रोग बरा होईल का, हा एक प्रश्न. दुखणे थांबेल का, हा दुसरा. आम्ही पहिल्यापाशीच अडून बसलो होतो. तिने दुसरा पुढे ठेवला.

मलकापूरहून रेल्वेने मुंबई गाठली. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कॅन्सरवर उपचार करते, आणि तिथे येणाऱ्यांसाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी मोठ्या मायला पालथे निजवून, जागा बधिर करून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत खचलेल्या मणक्यात सुई घातली आणि हाडाचे सिमेंट भरले. हे सिमेंट काही मिनिटांतच घट्ट होते. मोठा छेद नाही, टाके नाहीत. पुढे त्याच जागी किरणांचा एकच शेक दिला. हाडाच्या दुखण्यावर असा एक शेक पुष्कळदा दहा दिवसांच्या शेकाइतकाच गुण देतो. साधारण दहांतल्या सहा जणांना आराम पडतो. मात्र त्याला काही दिवस, कधी तीन-चार आठवडे लागतात.

याच जातीचे आणखी उपाय आहेत. सुईच्या टोकाशी उष्णता निर्माण करून गाठ जाळतात, किंवा गोठवून मारतात. दुखणे अनेक हाडांत पसरले असेल, तर समेरियम किंवा ल्युटेशियम यांचे किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. ते हाडांच्या रोगट जागी साचते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशी औषधे आपल्या देशात तयार केली आहेत. जोडीला हाडे बळकट करणारी इंजेक्शने आणि दुखणे मारणारी मॉर्फिनची गोळीही असते. प्रत्येकाला प्रत्येक उपाय चालत नाही. ते डॉक्टरच ठरवतात.

मोठी माय पुढे दीड वर्ष जगली. रोग गेला नाही, पण ती उठून बसू लागली, अंगणात खाट टाकून तुरीच्या शेंगा सोलू लागली. ते दीड वर्ष आमच्या घराला फार मोलाचे वाटते.

तेव्हा मंडळी, ज्याला पूर्वी कॅन्सर झाला आहे, विशेषतः स्तनाचा, प्रोस्टेटचा किंवा फुप्फुसाचा, त्याची पाठ किंवा मांडी सतत दुखू लागली, रात्री झोप मोडू लागली, तर चोळू नका, मोडू नका, तपासून घ्या. पायांतले बळ गेले, मुंग्या आल्या किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. मज्जारज्जू दाबला गेला असेल तर उशीर झाल्यास पाय कायमचे जातात. निघताना जुने कागद, रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्या, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि रोग्याला काय हवे आहे, ते आधी त्यालाच विचारा.