'यूज्ड टू' : कोणाची सवय सुटली आणि कोणाची मुरली?



आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात दर रविवारी संध्याकाळी वंदना झाली की आम्ही चार-पाच जण मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेतो. आमच्यात कोणी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. आम्ही सगळे मराठी शाळेतले, पाचवीत एबीसीडी गिरवलेले, आणि कॉलेजात तोंडातून इंग्रजी फुटेना म्हणून मागच्या बाकावर बसलेले. जे आपल्याला उशिरा कळलं ते या पोरांना वेळेत कळावं, एवढाच हेतू. पण परवाच्या रविवारी पोरांनीच आम्हाला शिकवलं, म्हणून हा लेख.

विषय होता 'यूज्ड टू'. रोजच्या बोलण्यात पावलोपावली येणारी रचना. 'आय यूज्ड टू प्ले कबड्डी' म्हणजे मी कबड्डी खेळायचो, आता खेळत नाही. मराठीत आपण 'खेळायचो' किंवा 'खेळत असे' म्हणतो, तेच हे. पुढे क्रियापद मूळ रूपात ठेवायचं. बोलताना 'यूज्ड'मधला 'ड' जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे पोरं लिहितानाही तो गाळतात. प्रश्न विचारताना किंवा नकार देताना 'डिड' आलं की मात्र तो खरोखरच गळतो : 'डिड यू यूज टू प्ले?' इथपर्यंत सोपं आहे.

घोटाळा होतो तो पुढे. 'यूज्ड टू'च्या आधी 'ॲम, इज, आर' लागलं की अर्थ पार बदलतो. 'वी यूज्ड टू लिव्ह आउटसाइड द व्हिलेज' म्हणजे आम्ही गावाबाहेर राहायचो, ते आता संपलं. 'वी आर यूज्ड टू लिव्हिंग आउटसाइड द व्हिलेज' म्हणजे गावाबाहेर राहणं आमच्या अंगवळणी पडलंय, त्याचं आता काही वाटत नाही. इथे क्रियापदाला 'आयएनजी' लागतो. शब्द तेच दोन, पण एकात सुटका आहे आणि दुसऱ्यात सवय. आम्ही स्वतः पदवीपर्यंत या दोन्हींची खिचडी करत होतो, हे कबूल करायला लाज नाही.

गृहपाठ दिला होता, आजीवर पाच वाक्यं लिहा. आठवीतल्या एका मुलीनं लिहिलं, 'माय ग्रँडमदर इज यूज्ड टू सिट आउटसाइड.' आम्ही लाल पेननं 'इज' खोडलं आणि म्हटलं, जुनी गोष्ट आहे ना, मग 'इज' कशाला? पोरगी म्हणाली, "दादा, जुनी नाही. आजी गावी अजून पाटलांच्या ओट्याखालीच बसते. ते वर बस म्हणाले तरी बसत नाही. म्हणते, इथंच बरं वाटतं."

आमचा पेन थांबला. चूक 'इज'मध्ये नव्हतीच. 'सिट'ला 'आयएनजी' लावायचा राहिला होता, एवढंच. तिचं वाक्य आमच्या दुरुस्तीपेक्षा खरं होतं.

बाबासाहेबांची सगळी चळवळ, आमच्या मते, या दोन वाक्यांच्या मधली आहे. 1927 साली महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं सोडा असं सांगितलं, तेव्हा ते अंगवळणी पडलेल्या माणसांना 'आम्ही असं करायचो' म्हणायला शिकवत होते. ते वाक्य फुकट मिळालेलं नाही. महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव 1924 मध्येच केला होता. कागदावर अस्पृश्यता 'यूज्ड टू' झाली होती! पण 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागे हजारोंनी पाणी पिईपर्यंत तो ठराव कागदच होता. प्यायल्यावर काय झालं? आपल्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, नगरपालिकेनं ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो मार्च 1937 मध्ये. एका तळ्याच्या पाण्यापुरता भूतकाळ मिळवायला दहा वर्षं गेली.

वर्गातल्या मोठ्या मुलांना आम्ही 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचायला देतो. बाबासाहेबांनी लिहिलेलं, छोट्या छोट्या वाक्यांचं इंग्रजी आहे, नवशिक्यालाही झेपतं. त्यात 1901 साली मसूर स्टेशनवर उतरलेली लहान मुलं आहेत, जात कळल्यावर त्यांना न्यायला गाडीवान तयार होत नाही. पुढे 1917 चं बडोदा आहे, परदेशात शिकून आलेल्या माणसाला राहायला खोली नाही. आणि 1934 चा दौलताबादचा किल्ला आहे, हौदाच्या पाण्यावरून तमाशा. तेहतीस वर्षं मध्ये गेली, पदव्या आल्या, तरी वाक्य 'यूज्ड टू'मध्ये जात नाही. काळ गेला की जात आपोआप जाते असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढी तीन प्रकरणं वाचावीत.

आता दुसरी बाजू. आमच्यातला एक जण पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला गेला होता. समोरच्या साहेबांनी आडनाव वाचलं आणि हसत विचारलं, "कास्ट यूज्ड टू बी अ प्रॉब्लेम, नो? नाऊ इट्स ओके?" आपला गडी "यस सर" म्हणून मोकळा झाला. नोकरी हवी होती, दुसरं काय म्हणणार? पण तो प्रश्न नव्हताच. वाक्य आधीच भूतकाळात घालून ठेवलेलं होतं, याला फक्त मान डोलवायची होती. 'पूर्वी जात होती' हे वाक्य आरक्षणाच्या प्रत्येक वादात तुम्ही ऐकलं असेल. ते बोलणारा बहुतेक कधी ओट्याखाली बसलेला नसतो. आमचं म्हणणं इतकंच, की एखादी गोष्ट 'यूज्ड टू' झाली की नाही हे ती ज्यानं भोगली त्याला आधी विचारा. आणि गंमत बघा, आजी ओट्याखाली बसते तेव्हा हेच लोक म्हणतात, तिला सवयच आहे. म्हणजे सोयीप्रमाणे कधी ही रचना, कधी ती.

आजीवर राग नाही. ओट्यावर बसल्यावर काय होतं हे तिनं तरुणपणी बघितलं असेल, आम्ही नाही बघितलेलं.

त्याच वहीच्या ढिगात सातवीतल्या एका मुलाची वही होती. त्याचे वडील कंत्राटदाराकडे ड्रेनेज सफाईला आहेत. त्यानं आजी सोडून वडिलांवर लिहिलं होतं : 'माय फादर यूज्ड टू गो इन द गटर.' आम्ही विचारलं, पप्पांनी काम सोडलं का रे? म्हणाला, "नाही सर, पण असं उतरायला बंदी आहे असं तुम्हीच सांगितलं होतं ना? म्हणून भूतकाळ."

सांगितलं होतं खरं. 1993 चा कायदा, 2013 चा कायदा, गटारात मृत्यू आल्यास दहा लाख देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा आदेश, 2023 मध्ये त्याचे केलेले तीस लाख, सगळं एका रविवारी सांगून टाकलं होतं. पोरानं कायद्याप्रमाणे व्याकरण लावलं. बाप मात्र आजही साधनांशिवाय उतरतो.

'यूज्ड टू' खोडून 'गोज' लिहायला लावलं. पुढच्या रविवारी वर्गात धडा होणार नाही. वस्तीतल्या कंत्राटी कामगारांना किती मास्क, किती हातमोजे, किती गमबूट दिले, आणि कोणत्या तारखेला दिले, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज लिहायचा आहे. आधी मराठीत, मग सरावासाठी इंग्रजीत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प तो सातवीतला मुलगाच आणणार आहे.