पहिला नंबर, दुसरा नंबर

लॅटिन ही मेलेली भाषा आहे असं सर्रास म्हटलं जातं. पण आमच्या आईच्या स्वयंपाकघरात ही मेलेली भाषा कित्येक वर्षं रोज पहाटे पेटत असे! पिन केली, पंप मारला, की प्रायमस फरफरू लागायचा आणि सारं घर चहाला जागं व्हायचं. १८९२ साली स्वीडनमध्ये जन्मलेल्या या स्टोव्हचं नाव म्हणजे लॅटिनमधला अस्सल 'प्रीमुस', म्हणजे पहिला. पुढं दुसऱ्या कंपनीचा स्टोव्ह घरात आला, तरी आईच्या लेखी तोही प्रायमसच.

रोमन माणूस मोजण्याचा भारी हौशी. मुलांची नावंसुद्धा त्यानं क्रमांकांवरून ठेवली. क्विंतुस म्हणजे पाचवा, सेक्स्तुस सहावा, देकिमुस दहावा. महाकवी होरेसचं पहिलं नाव क्विंतुस, आणि सीझरच्या मारेकऱ्यांत एक देकिमुस होता. महिन्यांचीही तीच तऱ्हा. वर्ष मार्चपासून मोजलं जाई, म्हणून जुलै हा क्विंतिलिस आणि ऑगस्ट हा सेक्स्तिलिस. पुढं ते महिने ज्युलियस सीझर आणि ऑगस्टस यांच्या नावे झाले. सत्तेपुढे आकड्यांचं काय चालणार!

आपण तरी कुठं मागे आहोत? धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी हे क्रमांकच की! भाऊबीजेतली 'बीज' म्हणजे द्वितीयाच. आणि हे क्रमांक लॅटिनचे परके नव्हेत. आपलं सप्तम, त्यांचं सेप्तिमुस. आपलं दशम, त्यांचं देकिमुस. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगाचं नाही, असं सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात सांगितलं, ते उगीच नव्हे.

या शब्दांची खरी गंमत अशी, की ते जगले, पण मोजणी विसरले. रोमन लोक सूर्योदयापासून तास मोजत. सहावा तास, 'सेक्स्ता', म्हणजे भर दुपार. त्यावरून स्पॅनिश माणसाची 'सिएस्ता' आली. आपली वामकुक्षी! नववा तास, 'नोना', म्हणजे दुपारचे तीन. इंग्रजीतला 'नून' तो हाच. मध्ययुगात घसरत घसरत तो बारावर येऊन बसला. म्हणजे आता सहावा आणि नववा एकाच वेळी वाजतात!

गाण्यात आपण सात सूर मोजून 'सप्तक' म्हणतो. पाश्चात्त्य गवई वरचा 'सा'ही धरतो, म्हणून त्याचा 'ऑक्टेव्ह', म्हणजे आठवा. पोर्तुगीजांनी तर आठवड्यातले ग्रह काढून टाकले आणि त्या जागी क्रमांक बसवले. रविवार पहिला धरून सोमवार 'सेगुंदा', मंगळवार 'तेर्सा'. १९६१ पर्यंत गोव्यातल्या सरकारी कचेऱ्यांचा आठवडा असाच सरत असे.

पण मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे तो 'सेकंद'. तासाचे साठ भाग केले, तो 'पहिला बारीक भाग'. त्या भागाचे पुन्हा साठ केले, तो 'दुसरा बारीक भाग'. पहिल्यातला 'बारीक' तेवढा उरला, तो मिनिट. दुसऱ्यातला 'दुसरा' तेवढा उरला, तो सेकंद.

जिव्हाळ्याचं कारण सांगतो. कॉलेजात मी शिकवतो ते मराठी माझ्या बऱ्याच मुलांच्या लेखी 'सेकंड लँग्वेज' आहे. एकानं तोंडावरच सांगितलं, "सर, सेकंड लँग्वेजला कशाला एवढा वेळ द्यायचा? पास झालं की पुरे!" मुलगा हुशार, घरी आईवडील मराठीच बोलणारे. मला राग आला, पण उत्तर सुचलं ते घरी आल्यावर, कोश उघडल्यावर. लॅटिनचा 'सेकुंदुस' म्हणजे मुळात 'मागोमाग येणारा'. त्याचा धातू आणि आपल्या 'सचिव' शब्दातला 'सच्' हे एकाच कुळातले. दुसरा म्हणजे हरलेला नव्हे, सोबतीचा!

तरी एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मीही पेढे वाटले. पण पहिला नंबर लॅटिनचाही होता. युरोपात धर्मपीठ, न्यायपीठ, विद्यापीठ, सगळीकडे तीच. तो मान गेला. राहिलं ते लोकांनी घड्याळात, झोपेत, गाण्यात, वारांत घातलेलं. भाषेला मान वरून मिळतो, आयुष्य खालून मिळतं. आणि ते खालचं हलताना मला रोज दिसतं. वर्गात मी म्हणतो, "एकोणसाठावं पान काढा," आणि निम्मा वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे बघतो!

या वर्षी मी एक नियम केला. पान मराठीत सांगायचं आणि इंग्रजीत पुन्हा सांगायचं नाही. पहिला महिना गोंधळात गेला. कुणी चाळीसवर, कुणी साठावर. गेल्या आठवड्यात मात्र मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली, "अरे, फिफ्टी नाइन. एकोण म्हणजे एक कमी. साठाला एक कमी!"

सांगणारा तोच, पास होण्यापुरतं मराठी हवं असलेला. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि धडा सुरू केला.